सुका कचरा हाती देताना: पुण्यातील घरे आणि सोसायट्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एक प्रश्न दर वर्षी हमखास येतो. "आपण घरी कचरा वेगळा करतो, पण खाली गाडीत तर सगळा एकत्रच जातो, मग उपयोग काय?" प्रश्न प्रामाणिक असतो आणि विचारणाऱ्याने गाडी डोळ्यांनी पाहिलेली असते. गाडीत जाते ते बहुतांशी ओला कचरा आणि विक्रीस निरुपयोगी ठरलेले जिन्नस असतात, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. कागद, पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या आणि पत्रा गाडी येण्याआधीच कचरावेचकाच्या हाताने निवडून बाजूला निघालेले असतात आणि त्यांचा पुढचा प्रवास भंगाराच्या दुकानाकडे होतो. म्हणजे पुण्यात पुनर्वापराचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम एका माणसाचे दोन हात करतात. घरातला प्रत्येक नियम त्या हातांचा विचार करून ठरवला, तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

व्यवस्था कशी उभी आहे

पुण्यातील कचरावेचक १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संघटनेत एकत्र आले. त्यात मोठी संख्या स्त्रियांची होती. पुढे महापालिकेने त्यांना ओळखपत्रे दिली आणि रस्त्यावरच्या कुंड्या उपसणारी माणसे शहराच्या कामाचा भाग म्हणून ओळखली जाऊ लागली. याच कष्टकऱ्यांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. आज तिचे साडेतीन हजारांहून अधिक सभासद शहरात काम करतात. नोकरदार किंवा ठेकेदाराचे मजूर म्हणून ते येत नाहीत, तर स्वतःच्या संस्थेचे मालक म्हणून येतात, ही गोष्ट दारात उभ्या असलेल्या ताईंशी बोलताना आपण लक्षात ठेवली पाहिजे.

कामाची रीत साधारण अशी असते. दोघींची जोडी ठरलेल्या घरांमधून ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेते, बादल्या आणि ढकलगाडी घेऊन ठरलेल्या जागी येते, तेथे सुका कचरा निवडते आणि विकण्याजोगा माल बाजूला ठेवते. मग ओला कचरा आणि निरुपयोगी उरलेला भाग फीडर पॉईंटवर, म्हणजे गाडी थांबण्याच्या ठरलेल्या जागी, महापालिकेच्या गाडीत देते. विकलेल्या मालाचे पैसे तिचे स्वतःचे असतात. प्रत्येक घर दरमहा जे शुल्क देते तेही तिच्या हाती येते. घरचे शुल्क आणि भंगाराची विक्री मिळून तिचे उत्पन्न होते, आणि दुसरा भाग आपण कचरा कसा देतो यावर बराचसा अवलंबून असतो. ओला झालेला पुठ्ठा दुकानदार घेत नाही किंवा पडत्या भावाने घेतो. भाजीच्या रसाने माखलेली रद्दी तर गाडीतच जाते.

शहराच्या सर्व भागांत व्यवस्था अगदी एकसारखी नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, हद्द वाढली, आणि काही ठिकाणी आजही घंटागाडीपर्यंत स्वतःच कचरा न्यावा लागतो. तेथेही पुढील सूचना तशाच लागू पडतात, कारण गाडीवरची माणसेसुद्धा हातानेच माल निवडतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे जुन्या पुणेकरांना सांगावे लागत नाही. शहराचा कचरा आधी कोथरूडला जात असे, त्या कचरा डेपोच्या जागेवर आता मेट्रोचा डेपो उभा आहे. नंतर तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊ लागला, आणि तेथील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे दुर्गंधी आणि दूषित पाणी सोसले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यावर त्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा पेठांपासून उपनगरांपर्यंत सगळीकडे कचरा साचला होता. आपल्या घरातून जे कमी जाईल, तेवढे कोणाच्या तरी गावात कमी पडेल, हा हिशेब तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळला.

घरातली मांडणी

ओल्या कचऱ्यासाठी झाकण असलेला एक डबा ओट्याखाली ठेवावा. सुक्यासाठी मोठी पिशवी किंवा खोका गॅलरीत ठेवावा. डायपर आणि सॅनिटरी पॅडसाठी तिसरी, वेगळी जागा ठेवावी. धोकादायक वस्तूंसाठी, म्हणजे बल्ब, बॅटरी, सुया, औषधे, रंगाचे डबे यांसाठी, मुलांच्या हाताला लागणार नाही असा एक खोका कपाटावर ठेवावा, तो महिन्या-दोन महिन्यांनी भरतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे विभाग घरातच करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. सॅनिटरी कचरा वेगळा ठेवणे पुण्यातील कचरावेचकांची फार जुनी मागणी आहे.

ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी लावू नये. पिशवी लावली की गाठ मारली जाते, गाठ मारली की खाली कोणाला तरी ती हाताने सोडावी किंवा फाडावी लागते, आणि आतले सगळे अंगावर येते. डबा तसाच उपडा करून द्यावा आणि नंतर विसळावा. फारच वाटले तर तळाशी वर्तमानपत्राचा कागद घालावा.

सुका कचरा धुवावा का, याविषयी बरेच गैरसमज आहेत. नळ सोडून प्रत्येक डबा घासण्याची गरज नाही आणि पुण्यात उन्हाळ्यात ते योग्यही नाही. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या शेवटच्या पाण्यात दह्याचा डबा, तेलाची पिशवी, सॉसची बाटली बुडवून काढावी आणि उपडी ठेवावी. उद्देश फक्त इतकाच असतो की अन्नाचा अंश राहू नये, कारण तो राहिला की दोन दिवसांत वास येतो, मुंग्या-झुरळे लागतात आणि सोबतचा चांगला कागदही वाया जातो.

दुधाच्या पिशवीविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण पुण्यातल्या बहुतेक घरांत ती रोज येते. पिशवी कापताना कोपरा पूर्ण छाटून टाकू नये. कात्री अर्ध्यापर्यंत नेऊन थांबावी, म्हणजे तो त्रिकोणी तुकडा पिशवीलाच लोंबत राहतो. सुटा तुकडा नखाएवढा असतो, तो निवडताना हाताला लागत नाही आणि शेवटी नाल्यात किंवा मातीत जातो. पिशवी रिकामी झाली की थोडे पाणी घालून हलवावे, ते पाणी झाडांना घालावे, आणि ओट्यामागच्या टाइल्सवर पिशवी चिकटवून ठेवावी. संध्याकाळपर्यंत ती सुकून आपोआप खाली पडते. माझ्या सासूबाई ती हाताने सपाट करून जुन्या रद्दीखाली दाबून ठेवत आणि महिन्याचा गठ्ठा एकदम देत. स्वच्छ, कोरड्या दुधाच्या पिशव्यांना भंगारात चांगला भाव मिळतो. आंबट वास येणाऱ्या पिशव्या मात्र हातात धरणेही नकोसे होते.

निवडताना काय होते, ते एकदा पाहावे

दोन वर्षांपूर्वी मी आमच्याकडे येणाऱ्या ताईंच्या परवानगीने त्यांच्याबरोबर पार्किंगमध्ये सकाळचे दोन तास बसले होते. जमिनीवर ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्या कडेने पोती उभी होती. प्रत्येक वस्तू हातात आली की क्षणभरात ती कुठल्या पोत्यात जायची हे ठरत होते. वर्तमानपत्र एका बाजूला, वहीचा पांढरा कागद दुसऱ्या, पुठ्ठा तिसऱ्या. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या वेगळ्या आणि शॅम्पूच्या जाड बाटल्या वेगळ्या, कारण दोन्हींचे प्लास्टिक निराळे असते आणि भावही निराळा असतो. पातळ पिशव्यांचे पोते मोठे दिसते, पण त्याला वजन नसते. पत्र्याचे डबे, अ‍ॅल्युमिनियमचे कॅन, अखंड काचेच्या बाटल्या हेही स्वतंत्र. मला सर्वांत आश्चर्य वाटले ते केसांच्या गुंतवळाचे. फणीतून निघालेले केस कागदाच्या पुडीत बांधून कोणी दिले होते आणि ताईंनी ती पुडी पोत्यात न टाकता कमरेच्या पिशवीत जपून ठेवली, कारण गुंतवळाला वजनाच्या मानाने मोठा भाव मिळतो. तेव्हापासून आमच्या जिन्यातल्या तीन घरांतून अशा पुड्या जातात.

एका पिशवीत वरती स्वच्छ खोके होते आणि तळाशी अर्धवट उरलेली डाळ सांडलेली होती. ताईंनी ती पिशवी पूर्ण उलटी केली, खोके झटकले, वास घेतला आणि अर्धे खोके निरुपयोगी मालात टाकले. तोंडाने काही बोलल्या नाहीत. त्या खोक्यांवर आमच्याच मजल्यावरचा पत्ता होता.

वेफर्सच्या चकचकीत पिशव्या, बिस्किटांची वेष्टणे, थर्माकोल, मेण लावलेले कप आणि फाटके कपडे बहुतेक वेळा विकले जात नाहीत, कारण वेष्टणात प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकांना चिकटलेला असतो, थर्माकोलला वजन नसते, आणि हे सर्व वेगळे करण्याचा खर्च मालापेक्षा जास्त होतो. तरीही या वस्तू सुक्यातच द्याव्यात, ओल्यात नव्हे. त्यांचे काय करायचे ते निवडणाऱ्याला कळते. आपल्या हातात आहे ते खरेदी कमी करणे.

आता रद्दीचा प्रश्न. घरातली रद्दी आणि पुठ्ठा रद्दीवाल्याला विकण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि ती पुण्यातल्या घरांची जुनी सवयही आहे. परंतु मौल्यवान ते सगळे विकून फक्त वेफर्सच्या पिशव्या आणि थर्माकोल कचरावेचकाच्या हवाली करायचे, हे मला न्याय्य वाटत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान ऑनलाइन खरेदीचे खोके आणि बाटल्या तरी त्यांनाच द्याव्यात. यातच सोसायट्यांमधली एक अडचण येते: साफसफाई कर्मचारी किंवा सुरक्षारक्षक कधी कधी चांगले खोके आधीच काढून घेतात आणि विकतात. त्यांचाही पगार तुटपुंजा असतो, म्हणून त्यांच्यावर ओरडून काही साधत नाही. कमिटीने सुका कचरा कोणाचा, हे लेखी ठरवावे आणि सर्वांसमोर सांगावे.

पॅड, डायपर, सुया आणि काच

वापरलेले पॅड किंवा डायपर उघडे देऊ नये. ते वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे पुडी न उघडताच आत काय आहे ते निवडणाऱ्याला कळते. 'स्वच्छ'ने लाल ठिपक्याची ही मोहीम पुण्यात २०१७ मध्ये सुरू केली. त्याआधी, २०१३ मध्ये, कचरावेचकांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते, कारण त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांनी घ्यावी, ही त्यांची मागणी होती. जुन्या वर्तमानपत्रांपासून कचरावेचक महिला अशा वापरासाठी खास पाकिटेही बनवतात. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले वयस्क असतील, तर लाल स्केचपेन पुड्या बांधण्याच्या जागीच दोरीने बांधून ठेवावे. शोधावे लागले की ठिपका राहून जातो.

मधुमेही व्यक्तीच्या घरी इन्सुलिनच्या सुया रोज निघतात. त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकाव्यात, बाटली भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी फिरवावी, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहावे आणि बाटली हाती देताना तोंडी सांगावे. दाढीची ब्लेडही अशीच द्यावीत.

फुटलेल्या काचेविषयी मी मुद्दाम लिहीत आहे, कारण यात चूक माझ्याच घरातून झाली. ट्यूबलाइट फुटली, पाहुणे येणार होते, आणि घाईत तुकडे केरात मिसळून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत गेले. दुसऱ्या दिवशी ताई आल्या तेव्हा त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. "काच होती ताई, असं होतं कधी कधी," एवढेच त्या म्हणाल्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी मी त्यांना घेऊन गेले, पण त्यांचे दोन दिवसांचे काम बुडाले ते बुडालेच. तेव्हापासून आमच्याकडे फुटलेली काच जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, दोरीने बांधून, 'काच' असे लिहून वेगळी दिली जाते. अखंड ट्यूबलाइट आणि सीएफएल मूळच्या खोक्यातच परत ठेवून द्यावेत, कारण त्यांत पारा असतो.

जुने मोबाइल, चार्जर, वायरी आणि बॅटऱ्या रोजच्या कचऱ्यात देऊ नयेत. अशा वस्तू आणि जुने कपडे, भांडी, सामान घेण्यासाठी 'स्वच्छ'ची वेगळी संकलन सेवा आहे आणि सोसायटीने एकत्र मागणी केली तर एकाच दिवशी सगळ्या इमारतीचे सामान नेले जाते. आम्ही दिवाळीच्या आवराआवरीनंतरचा रविवार त्यासाठी ठरवून टाकला आहे.

सोसायटीने करायची कामे

पहिली गरज जागेची आहे. साधारण दहा फूट लांब आणि तितकीच रुंद, छप्पर असलेली, दिवा असलेली आणि जवळ नळ असलेली जागा कमिटीने सुका कचरा निवडण्यासाठी कायमची द्यावी. पावसाळ्यात छप्पर नसेल तर पुठ्ठा भिजतो आणि आठवड्याची कमाई जाते. उघड्यावर बसून निवडताना रहिवासी नाके मुरडतात, पण तेच रहिवासी जागा देण्याच्या ठरावाला विरोध करतात, हे मी दोनदा पाहिले आहे. जागा दिल्यावर हात धुण्यासाठी साबण आणि पिण्यासाठी पाणी ठेवावे. शौचालय वापरण्याची परवानगी ठराव करून द्यावी, तोंडी नको, कारण नवीन वॉचमन तोंडी परवानगी मानत नाही. लिफ्टचेही तसेच. सहाव्या मजल्यावरून भरलेल्या बादल्या जिन्याने आणायला लावणारी इमारत स्वच्छतेचे कुठलेही पारितोषिक मिळवण्यास पात्र नाही.

वेळ ठरवताना कचरावेचकांशी बोलून ठरवावी. फीडर पॉईंटवर गाडी कधी येते, यावर त्यांची सगळी सकाळ अवलंबून असते. ती वेळ चुकली तर ओला कचरा त्यांच्याकडेच राहतो. शक्यतो दार उघडून कचरा हातात द्यावा. बाहेर डबा ठेवून दिला, तर त्यात काय चुकले हे सांगायला त्यांना समोर कोणी मिळत नाही.

मासिक शुल्काचा दर ठरलेला असतो आणि वस्त्यांमध्ये तो कमी असतो. सोसायटीने देखभाल खर्चातून सर्व घरांचे शुल्क एकत्र दिले तर ते वेळेवर आणि पूर्ण मिळते. घरोघर मागावे लागले तर बंद दारांपाशी चार-चार खेपा होतात. पावती घ्यावी. दोघींपैकी एक आजारी असेल किंवा गावी गेली असेल, तर बदली कोण येणार हे आधीच विचारून सूचनाफलकावर लिहावे.

ओला कचरा इमारतीतच जिरवला तर सगळ्या कामाचे ओझे निम्म्याने कमी होते. दररोज १०० किलोंपेक्षा जास्त कचरा निर्माण करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी तो आवारातच जिरवावा, अशी महापालिकेची अपेक्षा असते. चालू स्थितीतल्या गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात सवलतही मिळते, परंतु बंद पडलेल्या खड्ड्यावर ती मागू नये. खताच्या टाकीत रोज ओल्या कचऱ्यावर सुक्या पाल्याचा थर द्यावा. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला मुबलक पडतो, तो जाळण्याऐवजी पोत्यांत भरून वर्षभर पुरवावा. कचरा निवडणाऱ्या ताईच खत करण्याचे कामही पाहत असतील, तर त्याचा मोबदला वेगळा द्यावा.

घराचे नूतनीकरण चालू असेल तर निघणारा राडारोडा कचरावेचकांना देऊ नये. टाइल्स, विटा, सिमेंट, जुनी गादी हे त्यांचे काम नाही, त्यासाठी ठेकेदाराकडून किंवा क्षेत्रीय कार्यालयाकडून वेगळी सोय करून घ्यावी. कमिटीने नूतनीकरणाला परवानगी देतानाच ही अट लिहून घ्यावी. गणेशोत्सवात निर्माल्य सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यावे, त्यातले प्लास्टिकचे हार आणि दोरे आधी काढावेत. शाडूच्या मूर्तीची विसर्जनानंतरची माती 'पुनरावर्तन' मोहिमेत परत घेतली जाते आणि मूर्तिकार तिच्यापासून नव्या मूर्ती घडवतात, म्हणून बादलीतली माती गटारात सोडू नये.

कचरा उचलला गेला नाही तर

प्रथम ताईंशी बोलावे. बहुतेक वेळा गाडी आलेली नसते. गाडीच अनियमित असेल तर जवळच्या आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या ठिकाणी, मुकादमांना भेटावे, मग आरोग्य निरीक्षक, आणि तरीही न झाल्यास क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तारीख, वेळ आणि फीडर पॉईंटची जागा लिहिलेली तक्रार लवकर सुटते. पुणे महापालिकेच्या पीएमसी केअर या सेवेवरही छायाचित्रासह तक्रार नोंदवता येते. कचरा न उचलल्याच्या रागाने तो रस्त्याच्या कोपऱ्यावर ठेवून येऊ नये. एका पिशवीजवळ दुसऱ्या दिवशी दहा पिशव्या जमतात आणि ती जागा कायमची कचऱ्याची होऊन बसते.

पुण्यात भाड्याची घरे अकरा महिन्यांच्या करारावर चालतात आणि जूनमध्ये विद्यार्थी नव्याने येतात, त्यामुळे सगळे शिकवलेले दर वर्षी पुन्हा शिकवावे लागते. आमच्याकडे किल्ली देतानाच घरमालकाने एक कागद द्यायचा, त्यावर डबे कोणते, वेळ कोणती, शुल्क किती आणि लाल ठिपका कशासाठी, हे मराठीत आणि हिंदीत लिहिलेले असते. पहिल्या सकाळी कमिटीतले कोणीतरी नव्या भाडेकरूच्या दारात ताईंबरोबर उभे राहते आणि दोघांची नावानिशी ओळख करून देते.